नववा चिंचोका

लढाईच्या दिवसांत सरकारने सगळ्यांना घड्याळं एक तास पुढे करायला सांगितली, आणि मी आमचं घड्याळ एक तास मागे केलं.

चूक एवढीच. दोन बोटांची. पण ती निस्तरायला माझ्या आईला पुन्हा नऊ महिने पहाटेची वाट चालावी लागली, तिच्यामागून मलाही चालावं लागलं, आणि आज इतक्या वर्षांनी ती वाट नुसती आठवली तरी माझ्या पोटऱ्या भरून येतात.

मी तेव्हा मिठागराच्या कचेरीत कारकून होतो. भाईंदरहून उत्तनकडे जाणाऱ्या वाटेवर, बांधाला लागून आमचं कौलारू घर. वडील कधीच गेलेले. घरात आई आणि मी. थोरला भाऊ आगबोटीवर होता. मालाची बोट; कुठून कुठे जाते ते कुणाला सांगायची बंदी. दोन-तीन महिन्यांनी एखादं पत्र यायचं, त्यातल्या अर्ध्या ओळींवर सेन्सॉरची काळी शाई. आई ते पत्र उजेडात धरून शाईच्या मागचं दिसतंय का बघायची. तिला वाचता येत नव्हतं, तरीही बघायची. मग पत्रं यायचीच थांबली.

आईला मरणाची फारशी भीती नव्हती. तिचा जन्म उत्तनच्या किनाऱ्यावरचा, दर्यावर गेलेली माणसं परत न येण्याची तिला लहानपणापासून सवय. तिची भीती वेगळी होती. ती एकदा शेजारणीला सांगताना मी ऐकली.

"मरण काय, दर्याच्या माणसाला मरण नवं न्हाय. माझा बापूस दर्यातच गेला. पण त्याला पाद्री न्हाय मिळाला. तेल न्हाय, कुमसार न्हाय, काय न्हाय. तसाच गेला. माझी आय मरेपर्यंत त्याच्यासाठी रडली. ह्याला तरी पाद्री मिळावा."

म्हणून तिने नऊ शुक्रवार धरले. आमच्यात हे सगळ्यांना ठाऊक आहे, बाहेरच्यांसाठी सांगतो. तेल म्हणजे मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल, कुमसार म्हणजे पाद्रीपुढे पापं कबूल करणं. नऊ महिने, दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी, सलग, मिस्सा, म्हणजे देवळातली उपासना, ऐकायची आणि कम्युनियन, म्हणजे पाद्रीच्या हातून जिभेवर पवित्र भाकर, घ्यायचं. असे नऊ ज्याने पुरे केले त्याला पाद्रीवाचून, संस्कारावाचून मरण येत नाही, असं आमची माणसं पक्कं धरून चालतात. मधला एक जरी चुकला, तरी पुन्हा पहिल्यापासून. आणि कम्युनियन घ्यायचं म्हणजे त्या काळी मध्यरात्रीपासून तोंडात अन्न नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही.

पाद्रींनी तिला समजावलं होतं. "बाई, हे वचन जो शुक्रवार करतो त्याच्यापुरतं असतं. दुसऱ्याच्या नावावर नाही करता येत."

"दुसरा कुठं, फादर? पोटचा हाय. माझ्यातच धरा."

पाद्रींनी चष्मा काढला, झग्याला पुसला आणि परत घातला. त्याला आई होकार समजली.

घरातल्या वेदीवर, सायबिणीच्या, म्हणजे मारियामातेच्या, पायाशी, आई दर पहिल्या शुक्रवारी एक चिंचोका ठेवायची. भर पावसाळ्यात इरलं घेऊन, बांधावरच्या गुडघाभर चिखलातून ती शेजारणींबरोबर तासभर चालत देवळात गेली. कधी तापात गेली. आठ चिंचोके झाले. पावसाळा सरला, ऊन कडक पडायला लागलं, आणि नववा शुक्रवार आला.

इथे मी मध्ये पडलो.

त्याआधीच्या रविवारी पाद्रींनी देवळात सांगितलं होतं की स्टेशनाची घड्याळं पुढे गेली तरी आपण इतके दिवस जुन्याच वेळेने चाललो, पण आता गावातली बरीच माणसं गाडीने कामाला जातात, तेव्हा येत्या शुक्रवारपासून देऊळही सरकारी वेळेने चालेल. मिस्सा सात वाजता. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांचं सगळं कोंबड्यावर आणि भरती-ओहोटीवर चालायचं. त्यांना सातही कळत नव्हते आणि सरकारही.

मला मात्र दोन्ही कळत होतं, असं माझं मत होतं. पंचक्रोशीत भिंतीवर टोले देणारं घड्याळ असलेलं घर आमचंच. मिठागराच्या कचेरीतला जुना कारकून नोकरी सोडून गेला तेव्हा त्याच्याकडून ते मी आणलं होतं, आणि तेव्हापासून वेळ या विषयावर मी लोकांना, त्यांनी न विचारता, माहिती देत असे. आईच्या नवव्या शुक्रवारी मी स्वतः तिला देवळात घेऊन जाणार असं जाहीर केलं. आठ वेळा ती शेजारणींबरोबर गेली, तेव्हा मी अंथरुणात होतो. शेवटच्या दिवशी मान घ्यायला मी हजर.

गुरुवारी संध्याकाळी खुर्चीवर उभा राहून मी घड्याळाची काच उघडली. आता पुढे करायचं की मागे? पाद्रींनी काय सांगितलं ते नेमकं आठवेना. विचारायला जाणं माझ्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं, म्हणून मी अक्कल चालवली. सरकारला काय हवं? लोकांनी दिवसाउजेडी जास्त काम करावं, दिवेलागणीला तेल वाचावं. म्हणजे सकाळ लांबवायला हवी. सकाळ लांबवायची तर घड्याळ मागे घ्यायला हवं. कागदावर मांडलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं, इतकं ते मला पटलं. मी काटा उलटा फिरवला. घड्याळ आतून करकरलं. एवढा इशारा दुसऱ्या कुणाला पुरला असता.

पहाटे कोंबडा आरवला आणि आई उठली. लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन, जपमाळ हातात धरून दाराशी बसली. थोड्या वेळाने वाटेवर शेजारणींचा आवाज आला.

"येतेस काय गो?"

आई उठायला लागली. मी आतून ओरडलो, "तुम्ही व्हा पुढे! अजून खूप वेळ आहे. सरकारी वेळ आहे आता."

"कोंबडा कवाचा आरवला," आई म्हणाली.

"कोंबड्याला सरकारचा हुकूम पोचलेला नाही."

हे मला त्या वेळी फार छान सुचलं असं वाटलं. शेजारणी हसत पुढे गेल्या. आई परत बसली. मी कूस बदलली.

मग उजाडलं. झाडांवर ऊन आलं. आई दारातून म्हणाली, "पोरा, सूर्य वर आलाय रं."

मी घड्याळाकडे बघितलं. साडेपाच. "बरोबर आहे. आता सूर्य साडेपाचच्या आतच वर येणार. तेच तर केलंय सरकारने."

बाहेर सूर्य होता आणि आत मी. तिने माझं ऐकलं. घरात शिकलेला मीच होतो ना. आजही मला जास्त काय खुपत असेल तर ते हे.

घड्याळात सहाला पाच मिनिटं असताना आम्ही निघालो. मी इस्त्रीचा सदरा घातला होता, हातात छत्री. आई भराभर चालत होती आणि मी तिला "घाई नको, घाम येईल" असं सांगत होतो. निम्म्या वाटेवर समोरून बायकांचा घोळका आला. आमच्याच शेजारणी. चालीवरून कळत होतं की देवाचं आटोपून आता घरच्या कामाला निघाल्यात.

"काय झालं, परत का फिरलात?" मी विचारलं.

"परत कुठं? मिस्सा झाली."

"कशी होईल? अजून सात वाजायचेत."

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्यांच्यातल्या सगळ्यात थोरल्या बाईने कमरेवर हात ठेवला. "साहेब, आम्ही जीभ बाहेर काढून देव घेतला, गुडघे टेकले, उठलो, आणि अर्धी वाट चालून आलो. आता तुझे सात वाजायचे असतील तर आम्ही परत जाऊन थांबू काय?"

हशा झाला. मी वाद घालत राहिलो. खरंच घालत राहिलो. सकाळ लांबवण्याचा माझा सिद्धांत मी त्या उन्हात, त्या वाटेवर, त्या बायकांना समजावून सांगितला. बोलता बोलता मधेच मला तो उलटा आहे हे दिसलं. सिद्धांताच्या ऐन मध्यावर. पुढचं वाक्य तोंडातच राहिलं.

आई हसत नव्हती. ती एवढंच म्हणाली, "पाद्री असेल देवळात," आणि चालायला लागली. मिस्सा संपल्यावरही पाद्री कम्युनियन देऊ शकतात, तसंच काही कारण असेल तर. ती आशा होती. मी छत्री सांभाळत मागून पळत होतो.

देऊळ मोकळं होतं. घंटा वाजवणारा म्हातारा ओसरीवर झाडू मारत होता.

"फादर?"

"मिस्सा आटपून लगेच गेले. वरसाव्याहून होडी आली होती न्यायला. तिकडं एक म्हातारं शेवटच्या घटका मोजतंय, तेल द्यायला गेले."

आईने ते ऐकलं आणि ओसरीच्या पायरीवर बसली. "येतील तवा घेईन. तोवर बसते. पोटात काय न्हाय माझ्या."

ती तिथे बसली, आणि मला स्वस्थ बसवेना. काही तरी करायला हवं असं मला नेहमी नको त्या वेळी वाटतं. देवळाच्या भिंतीला पाद्रींची सायकल टेकून ठेवली होती. मी ती घेतली.

"अरे, सायकल," म्हातारा झाडू टाकून पुढे आला, "ती दुपारी मला..."

"गाठतो मी त्यांना!" मी म्हणालो आणि पायडलवर पाय मारला. तो मागून काहीतरी ओरडत राहिला. मी हात हलवून निरोप घेतला.

तो काय ओरडत होता ते मला संध्याकाळी कळलं. जाताना भरती होती, म्हणून होडी देवळामागच्या खाडीतून थेट निघाली. येताना ओहोटी असणार, इथल्या चिखलात होडी लागणार नाही, म्हणून होडीवाले पाद्रींना भाईंदरच्या बंदरावर उतरवणार होते. तिथे म्हाताऱ्याने सायकल घेऊन जायचं ठरलं होतं. सायकलवर पाद्री एकच्या आत देवळात आले असते.

मी भाईंदर ओलांडलं, रेल्वेचं फाटक ओलांडलं, मीरा गाव मागे टाकलं. काशीमीऱ्याला लष्कराच्या लॉऱ्यांची रांग चालली होती. तिने मला पंधरा मिनिटं धुळीत उभं केलं. मीही काही न खाता-पिता निघालो होतो, पण माझं कारण वेगळं. भक्तीने नाही, परत आल्यावर घरी पोळी आणि सुक्या बोंबलाचं कालवण मिळणार होतं म्हणून पोट मोकळं ठेवलं होतं. वरसाव्याला पोचलो तर खाडीकाठी माणसं बसलेली.

"फादर गेले की. ओहोटी लागली तसे निघाले. तुम्ही आत्ता आलात होय?"

परतताना काशीमीऱ्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. लॉरीतून पडलेला खिळा होता. तो काढून मी खिशात टाकला, पुरावा म्हणून. कुणाला दाखवणार होतो देव जाणे. तिथून सायकल ढकलत निघालो. ऊन असं की डांबर वास मारत होतं, आणि डांबर संपलं तशी धूळ. मी किती चाललो ते सांगत नाही; मोजलं असतं तर रस्त्यातच बसलो असतो. भाईंदरच्या बंदराकडे वळणाऱ्या फाट्यावरून मी पुढे गेलो तेव्हा पाद्री तिथे, बंदरावर, वडाच्या सावलीत सायकलची वाट बघत उभे होते. मी वळून बघितलं नाही. अर्ध्या तासाने कंटाळून ते पायी निघाले. म्हणजे तिथून देवळापर्यंत एकाच रस्त्यावर पुढे मी आणि सायकल, आणि मागे अर्ध्या तासाच्या अंतराने पाद्री, अशी आमची मिरवणूक चालली होती.

देवळात पोचलो तेव्हा आई पायरीवर नव्हती. सावली सरकत गेली तशी ती सरकत गेली होती, आणि आता भिंतीच्या कोपऱ्यात एका कुशीवर पडली होती. ओठ पांढरे. जपमाळ बोटांत अडकलेली. मी हाक मारली, तिने डोळे उघडले नाहीत. घंटावाला म्हातारा सायकल शोधायला बांधावरच्या आडवाटेने बंदरावर गेला होता, हेही नंतर कळलं. मी विहिरीवर धावलो, पोहरा ओढला, तिच्या तोंडावर पाणी मारलं, डोकं मांडीवर घेतलं आणि ओंजळ तिच्या ओठांना लावली.

तिने दोन घोट घेतले. मग डोळे उघडले.

"काय दिलंस?"

"पाणी."

ती माझ्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या नजरेत. दिवसभर भार उचलून आणावा आणि दारात पोचल्यावर तो सांडावा, तसं काहीतरी होतं. तिने डोळे परत मिटले.

मी तिच्यावर छत्री धरून बसलो. अर्ध्या तासाने वळणावर दुसरी, काळी छत्री दिसली. पाद्री. झगा गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेला, चेहरा लाल. त्यांनी आधी सायकलकडे बघितलं, मग बसलेल्या चाकाकडे, मग माझ्याकडे. मग आईकडे, आणि त्यांचा चेहरा बदलला.

मी सगळं सांगितलं. घड्याळ, कोंबडा, सिद्धांत, सायकल, पाणी. ते पायरीवर बसले. आईला उठवून आम्ही मध्ये बसवलं; तिघं त्या पायरीवर, देवळासमोर टाकून दिलेल्या सामानासारखे.

"पाणी दिलंस ते बरोबर केलंस," ते म्हणाले. "आज तू तेवढी एकच गोष्ट बरोबर केलीस."

मग आईकडे वळून म्हणाले, "बाई, तू मध्यरात्रीपासून उपाशी बसलीस. देवाला सगळं कळतं. आठ झाले, नववा तू असा बसून केलास असं धर."

"देवाला कळतं, फादर," आई म्हणाली. "पण मी नऊ बोलले होते. पोटात पाणी हाय आता."

पाद्रींनी पुन्हा चष्मा काढून पुसला. या वेळी तो होकार नव्हता, नकारही नव्हता. ते म्हणाले, "मीही सकाळपासून काही खाल्लेलं नाही. आत चला. चहा करू."

घरी आल्यावर आईने वेदीवरचे आठ चिंचोके उचलले आणि डब्यात टाकले. डबा बिस्किटांचा, पत्र्याचा. आवाज मोठा झाला. मग घड्याळ भिंतीवरून उतरवलं, जुन्या लुगड्यात गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं. ते टोले देत होतं. पेटीतून दोन दिवस दबका आवाज येत राहिला, मग किल्ली संपली.

शनिवारी मी कुमसाराला गेलो. वाटलं, तीन 'आमच्या बापा' आणि तीन 'नमो मारिया' यावर भागेल. जाळीपलीकडून पाद्री म्हणाले, "नऊ महिने तू आईबरोबर चाल. दर पहिल्या शुक्रवारी. ती उठेल तेव्हा उठायचं, ती निघेल तेव्हा निघायचं. घड्याळाचं नाव काढायचं नाही."

"आणि प्रार्थना?"

"ती तुझी आई करते आहे. तू फक्त चाल."

मग सुरू झालं. आता आईचा कुणाच्याच वेळेवर विश्वास उरला नव्हता, कोंबड्याच्याही नाही. ती चांदणी बघून उठायची, आणि आम्ही इतक्या लवकर पोचायचो की देवळाचं दार उघडायला तास-दीड तास असायचा. ओसरीवर थंडीत बसायचं. थंडी सरली तर डास. मी भिंतीला टेकून झोपायचो आणि मिस्सेत गुडघ्यावर झोपायचो. एकदा कम्युनियनच्या रांगेत उभ्यानेच डोळा लागला आणि पुढच्या माणसाच्या पाठीवर कपाळ आपटलं. तिथून कचेरीत. मुकादम विचारायचा, "साहेब, रात्रपाळी लागली काय?"

दर महिन्याला देवळातले पुरुष कमी दिसायचे. कुणी लष्कराच्या गोदीत लागला, कुणी बोटीवर, कुणी मुंबईत गिरणीत. रॉकेल मिळेना, मेणबत्त्या मिळेनात. वेदीवर सहाच्या जागी दोन जळायच्या. तरुण मुली फ्रॉक घालून यायला लागल्या आणि म्हाताऱ्या त्यावर मिस्साभर कुजबुजायच्या. घोडबंदरच्या रस्त्याने रात्रंदिवस लॉऱ्या. जग सगळं कुठेतरी घाईत निघालं होतं, आणि मी दर पहिल्या शुक्रवारी एका म्हाताऱ्या बाईच्या मागून, अंधारात, त्याच वाटेवर. त्या वाटेवर माझी श्रद्धा वाढली की झिजली, मला खरंच सांगता येत नाही. चपला झिजल्या, हे नक्की.

आम्ही फार बोलत नसू. एकदा मी विचारलं, "आई, आपण चालतोय, पण तो तिकडे गेला असेल तर आधीच?"

"तर काय?"

"तर हे सगळं..."

"तू चाल," ती म्हणाली.

सातवा चिंचोका ठेवला त्याच आठवड्यात पत्र आलं. अक्षर भावाचं नव्हतं. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. पाणबुडीने बोट बुडवली होती. तो दोन दिवस एका फळीवर होता. मग कुणीतरी उचललं, कुठल्या तरी बंदरातल्या इस्पितळात टाकलं. तिथे सगळ्यांनी आशा सोडली, म्हणून एका परक्या देशाच्या पाद्रीने त्याचं कुमसार ऐकलं आणि शेवटचं तेल दिलं. एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती. मग तो बरा झाला. डावा पाय नीट चालणार नव्हता.

मी वाचून थांबलो. आईने विचारलं, "कधी झालं हे?"

तारीख काळ्या शाईखाली होती. मी पत्र उजेडात धरलं. मी चुकवलेल्या नवव्या शुक्रवाराच्या आधी, की नंतर? काही दिसत नव्हतं. ती माझ्याकडे बघत राहिली, मी शाईकडे.

"जाऊदे," आई म्हणाली. "मिळाला ना पाद्री."

मला वाटलं, सुटलो. सात झाले, काम झालं. मी तसं हळूच सुचवलंही.

"दोन राहिलेत," ती म्हणाली.

ते दोन झाले. नववा चिंचोका तिने सायबिणीच्या पायाशी ठेवला तेव्हा मी समोर होतो. ती थोडा वेळ तिथे टेकून बसली. मग उठून चूल पेटवली.

लढाई संपल्यावर भाऊ आला. लंगडत, बारीक झालेला, मोठ्या आवाजाला दचकणारा. आईने त्याला धरून ठेवलं तेव्हा तो तसाच उभा राहिला, ओंडक्यासारखा. रविवारी आम्ही देवळात निघालो, तर तो बाहेरच थांबला. दाराशी उभा राहून बिडी ओढली. पुढच्या रविवारी तेच. पाद्रींनी काही विचारलं नाही, आईनेही नाही. मी मात्र विचारलं. कारण मला न विचारता राहवत नाही.

तो म्हणाला, "तिकडे बाप्तिस्मा घेतलेली माणसंच बाप्तिस्मा घेतलेल्यांना बुडवत होती. मी बघितलंय. आत जाऊन काय सांगू?"

यावर माझ्याकडे सिद्धांतसुद्धा नव्हता.

त्यानंतर महिनाभरात आईने डब्यातून पुन्हा चिंचोके काढले.

"आता कशाला?" मी जवळजवळ ओरडलोच. "तो आला ना घरी!"

"आला," ती म्हणाली. "पण पुरता न्हाय आला."

पहिल्या शुक्रवारी पहाटे ती उठली, मी उठलो. पाद्रींनी सांगितलेली शिक्षा केव्हाच संपली होती, पण पायांना ते माहीत नव्हतं. भाऊ ओट्यावर बसला होता. त्याला झोप येत नसे. आई आत लुगडं नेसत होती.

"ही एवढ्या अंधारात का निघते?" त्याने मला विचारलं. "घरात घड्याळ होतं ना एक?"

तेव्हा मी त्याला सगळं सांगितलं. इतके दिवस टाळलं होतं. घड्याळ मागे केलं ते, सायकल घेतली ते, पाणी पाजलं ते. त्याच्यासाठी धरलेला नववा शुक्रवार माझ्या हातून कसा गेला ते सगळं, एकही गोष्ट न गाळता. मध्ये मध्ये विनोद पेरत सांगितलं, म्हणजे तो हसेल आणि मी सुटेन. तो हसला नाही. त्याने बिडी विझवली, लंगडा पाय हाताने उचलून खाली ठेवला, आणि आतून आई बाहेर आली तसा तिच्याबरोबर चालायला उभा राहिला.

"देवळात येतोस?" मी विचारलं.

"दारापर्यंत," तो म्हणाला. "तिला तुझ्याबरोबर एकटीला सोडणं बरं नाही. पाणबुडीने मला एकदाच बुडवलं. तू घरी बसून तीनदा."